गुठळी की गाठ? चॉकलेट सिस्टच्या भिंतीवरचा १४ मिलीमीटरचा उंचवटा

एमआरआयच्या मागणीपत्रावर एवढंच लिहिलेलं होतं: "वय ४४, डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, भिंतीवर लहान उंचवटा, बहुधा गुठळी. कृपया मत द्यावं." दुर्बिणीतून सिस्ट काढायची तारीख बारा दिवसांवर आलेली होती. त्या "बहुधा" शब्दावर काय काय अवलंबून होतं, ते सांगण्यासाठी, ही चित्रं वाचणारा रेडिओलॉजिस्ट म्हणून, हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बाजूला ठेवले आहेत.

बाईंना एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, त्रास जुना. पाळीत पोटात कळा यायच्या, कामाच्या दिवशीही गोळी घेऊन पडून राहावं लागायचं. सहा वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ४ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे या आजारामुळे जुन्या रक्तानं भरलेली पिशवी, दिसली होती. हॉर्मोनच्या गोळ्या चालू-बंद करत चालल्या आणि शेवटचं दीड वर्ष सोनोग्राफी झालीच नाही. त्यांना मी नेहमीप्रमाणे विचारलं, "दुखणं वाढलंय का?" त्यांचं उत्तर मी हातातल्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं: "पाळीचं दुखणं उलट कमी झालंय. पण आता रोजच जड वाटतं, आणि सारखं लघवीला जावं लागतं."

हे उत्तर मला अस्वस्थ करून गेलं. एंडोमेट्रिओसिस पाळीच्या तालावर दुखतो. तो ताल मोडून दुखणं सततचं झालं आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईची वर्षानुवर्षं शांत असलेली सिस्ट वाढायला लागली, तर आत काही तरी बदललं आहे असं धरून चालावं. नव्या सोनोग्राफीत सिस्ट ९.२ सेंटीमीटर भरली होती. आतला द्रव चॉकलेट सिस्टमध्ये दिसतो तसाच, दळलेल्या काचेसारखा धुरकट. मागच्या भिंतीवर १४ मिलीमीटरचा उंचवटा. कलर डॉप्लरमध्ये त्यात रक्तप्रवाह दिसला नव्हता, म्हणून "बहुधा गुठळी".

रक्तातलं सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेत तपासतात ते प्रथिन, होतं ६८. ३५ च्या वर गेलं की ते वाढलेलं मानतात, पण एंडोमेट्रिओसिसमध्ये, पाळीच्या दिवसांत, फायब्रॉइडमध्ये, पोटाच्या क्षयरोगातही ते वाढतं. म्हणजे या आकड्यानं बाईंना घाबरवलं आणि डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही. धोक्याचा जुना निर्देशांक, म्हणजे आरएमआय, १९९० पासून वापरात आहे. सोनोग्राफीचे गुण, पाळी चालू की बंद याचे गुण आणि सीए-१२५ यांचा तो गुणाकार. इथे सोनोग्राफीतलं संशयास्पद लक्षण एक, म्हणून १. पाळी चालू, म्हणून पुन्हा १. एक गुणिले एक गुणिले ६८, म्हणजे ६८. धोक्याची रेघ साधारण २०० ला आखतात. या हिशोबानं बाई सुरक्षित गटात बसत होत्या.

अंडाशयाच्या गाठीत कॅन्सरची शक्यता किती, हे वर्गांत मांडणारी सोनोग्राफीची ओ-रॅड्स वर्गवारी लावली तर घोळ आणखी स्पष्ट होतो. उंचवटा गुठळी मानला तर ही साधी चॉकलेट सिस्ट, वर्ग २, कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी. तोच उंचवटा घन पेशींचा मानला तर वर्ग ४, शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. चित्र तेच, मशीन तेच. १४ मिलीमीटरच्या उंचवट्याला काय म्हणायचं, यावर सगळं फिरतं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. डॉप्लरला मंद आणि बारीक प्रवाह दिसत नाही, आणि उंचवटा खोल मागच्या भिंतीला असेल तर आणखीच कठीण. "मला नक्की सांगता येत नाही, एमआरआय करा" असं त्यांच्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी ती ओळ वाचली आणि ऑपरेशनच्या तारखेची घाई बाजूला ठेवली. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी तोच मानतो.

एमआरआयची तयारी साधी, पण ती नीट झाली नाही तर पुढचं सगळं फसतं. चार तास पोट रिकामं, मूत्राशय अर्धवट भरलेलं, आतड्यांची हालचाल थांबवणारं इंजेक्शन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासलेलं. गर्भधारणेची चाचणी मी आग्रहानं करून घेतली. गरोदरपणात चॉकलेट सिस्टच्या भिंतीवर गर्भाशयाच्या अस्तरासारखे उंचवटे उगवतात आणि ते हुबेहूब कॅन्सरसारखे दिसतात. शिवाय गरोदर बाईला गॅडोलिनियमचं, म्हणजे रक्त पोचणारा भाग चित्रात उजळवणाऱ्या कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन टाळतात. चाचणी निगेटिव्ह आली.

आता चित्रांकडे.

चॉकलेट सिस्टमध्ये महिन्यामागून महिने रक्त साचत जातं, घट्ट होत जातं. या जुन्या, लोहानं आणि प्रथिनांनी भरलेल्या रक्तामुळे एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रात सिस्ट पांढरीशुभ्र दिसते आणि टी-२ प्रकारच्या चित्रात काळसर पडते. या काळवंडण्याला आम्ही शेडिंग म्हणतो. बाईंच्या उजव्या अंडाशयातही २.३ सेंटीमीटरची छोटी सिस्ट होती, सोनोग्राफीत निसटलेली. टी-१ वर पांढरी, टी-२ वर शाईसारखी काळी. पुस्तकात छापावी अशी चॉकलेट सिस्ट. आणि तिच्याच शेजारी, त्याच चित्रात, डावी मोठी सिस्ट: टी-१ वर पांढरी, पण टी-२ वरही बऱ्यापैकी उजळ. एकाच बाईच्या पोटात, एकाच आजारातून आलेल्या दोन सिस्ट, आणि मोठीचं शेडिंग गेलेलं. भिंतीवर काही तरी पाणी सोडतंय आणि आतलं जुनं रक्त पातळ होतंय, असा याचा एक अर्थ निघतो. एवढ्यावर निदान होत नाही, पण मी खुर्ची पुढे ओढली.

डिफ्युजन, म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या चित्रांवर अंडाशयाच्या गाठींमध्ये बऱ्याचदा भिस्त ठेवता येते. घन भाग टी-२ वर काळा आणि डिफ्युजनवरही काळा असेल तर तो बहुधा फायब्रोमासारखा निरुपद्रवी, आणि तिथे बाईला निश्चिंत करता येतं. इथे उंचवटा डिफ्युजनवर चमकत होता. पण चॉकलेट सिस्टमध्ये हा पुरावा कमकुवत असतो, कारण घट्ट रक्त आणि गुठळ्याही तशाच चमकतात. म्हणून त्या चमकेवरून मी मत बनवलं नाही.

खरा प्रश्न एकच: या उंचवट्यात रक्त पोचतंय का? गुठळीला रक्तवाहिन्या नसतात. इंजेक्शन दिल्यावर ती उजळत नाही. गाठीला असतात, ती उजळते. कागदावर हे सोपं वाटतं. पण टी-१ वर सिस्टमधला द्रव मुळातच पांढरा असतो, आणि इंजेक्शननंतर गाठ उजळते ती त्याच पांढऱ्यात. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा शोधण्यासारखं हे काम. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका सिस्टमधला उंचवटा मी नुसत्या डोळ्यांनी पाहून "उजळत नाही" असं लिहिलं होतं. तो उजळत होता. त्या पेशंटचं निदान ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टनं केलं. तेव्हापासून चॉकलेट सिस्टचा एकही रिपोर्ट मी सबट्रॅक्शनशिवाय सही करून दिलेला नाही.

सबट्रॅक्शन म्हणजे शब्दशः वजाबाकी. इंजेक्शननंतरच्या चित्रातून इंजेक्शनपूर्वीचं चित्र ठिपक्यामागून ठिपका वजा करायचं. जो भाग आधीपासूनच पांढरा होता तो शून्य होऊन काळा पडतो. इंजेक्शनमुळे जे नव्यानं उजळलं तेवढंच उरतं.

वजाबाकी झाली आणि डावी सिस्ट काळी पडली. मागच्या भिंतीवर तो उंचवटा पांढरा उरला. त्याच्या खाली, भिंतीच्या वळणावर, आणखी दोन ठिपके होते, ५ आणि ४ मिलीमीटरचे. सोनोग्राफीत ते दिसले नव्हते, साध्या चित्रांत मलाही दिसले नव्हते.

इथे एक सापळा असतो. दोन चित्रांच्या मध्ये पेशंट दोन-तीन मिलीमीटर जरी हलली, तरी वजाबाकीत एका कडेला खोटी पांढरी रेघ उमटते आणि समोरच्या कडेला काळी. म्हणून मी सिस्टच्या चारही कडा पाहिल्या, मूत्राशयाची कड पाहिली, त्वचेखालच्या चरबीची रेघ पाहिली. सगळं जागच्या जागी. उंचवटा नुसत्या कडेला पांढरा नव्हता, मधोमध पांढरा होता. मग मूळ चित्रांवर आकडे मोजले: इंजेक्शनआधी त्या जागेची उजळता किती, नंतर किती. द्रवाचा आकडा जागेवर होता, उंचवट्याचा दुपटीच्या जवळ गेला होता.

शेवटची पायरी वेळेच्या आलेखाची. इंजेक्शन जात असताना आम्ही दर १२ सेकंदांनी एक, अशी अडीच-तीन मिनिटं चित्रं घेतो. उंचवटा किती झपाट्यानं उजळतो ते गर्भाशयाच्या स्नायूशी ताडून पाहायचं. हळूहळू चढत राहणारा आलेख पहिल्या प्रकारचा, धोका कमी. चढून सपाट होणारा, पण स्नायूइतका किंवा त्याहून कमी तीव्र, तो दुसरा. स्नायूपेक्षाही उभा चढणारा तिसरा, आणि तो वाईट. तुलनेसाठी गर्भाशयाची जागा कुठली घेता, यालाही महत्त्व आहे. बाईंना ॲडेनोमायोसिसही होता, म्हणजे अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं, त्यामुळे गर्भाशयाची मागची भिंत जाड आणि डागाळलेली. तिथे मोजलं असतं तर आलेख फसवा आला असता. मी पुढच्या भिंतीतला निरोगी भाग निवडला, तीनदा मोजला. तिन्ही वेळा उंचवट्याची रेघ स्नायूच्या रेघेला मागे टाकून उभी चढली. तिसरा प्रकार.

ओ-रॅड्स एमआरआय गुण: ५.

या गुणांमागे भक्कम काम आहे. फ्रान्समधल्या इझाबेल तोमासँ-नागारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ केंद्रांतल्या, सोनोग्राफीत निदान न लागलेल्या १३४० स्त्रियांवर ही पद्धत पडताळून २०२० मध्ये प्रसिद्ध केली. घातक गाठी ओळखण्यात संवेदनशीलता ९३ टक्के, निरुपद्रवी गाठी निरुपद्रवी म्हणून ओळखण्यात ९१ टक्के. गुण २ असेल तर कॅन्सरची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी, ३ ला सुमारे ५ टक्के, ४ ला सुमारे ५०, आणि ५ ला सुमारे ९०. माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग गुण २ आणि ३ च्या बायकांना होतो. भीतीपोटी होणारी, अंडाशय गमावण्याची ऑपरेशनं त्यात टळतात. पण हे प्रकरण दुसऱ्या टोकाचं होतं.

रिपोर्टमध्ये गुण लिहून थांबलो असतो तर काम अर्धं राहिलं असतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याला हेही हवं असतं की गाठ कुठे कशाला चिकटलेली आहे. डावं अंडाशय गर्भाशयाच्या मागे खेचलं जाऊन सिग्मॉइड आतड्याला आणि ओटीपोटाच्या अस्तराला घट्ट चिकटलेलं होतं. म्हणजे सोडवताना सिस्ट फुटण्याची जागा नेमकी तीच, आणि उंचवटेही त्याच बाजूला. गर्भाशयाच्या आतलं अस्तर मुद्दाम पाहिलं, कारण एंडोमेट्रिओसिसमधून येणाऱ्या एका प्रकारच्या कॅन्सरबरोबर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही कधी कधी सोबत सापडतो. अस्तर ६ मिलीमीटर आणि एकसारखं होतं. पोटात पाणी नाही, ओटीपोटात लिम्फ गाठी वाढलेल्या नाहीत. निदानाची यादी मी अशी दिली: एंडोमेट्रिओसिसमधून उद्भवलेला क्लिअर सेल किंवा एंडोमेट्रिऑइड कॅन्सर, त्यामागे सीमारेषेवरची, म्हणजे पूर्ण कॅन्सर नाही पण निरुपद्रवीही नाही अशी गाठ. चॉकलेट सिस्टमधून कॅन्सर होऊ शकतो हे जॉन सॅम्पसन यांनी १९२५ मध्येच लिहून ठेवलं आहे. फार थोड्या बायकांत तो होतो, आणि म्हणूनच नेहमीच्या कामाच्या ओघात तो निसटतो.

रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी मी मॅडमना फोन केला.

"गुठळी नाही हे नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"गुठळीला रक्तपुरवठा नसतो, मॅडम. याला गर्भाशयापेक्षा जोरात आहे. आणि एक नाही, तीन आहेत."

थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी दुर्बिणीतून सिस्ट सोलून काढणार होते. त्यात ती फुटतेच बहुतेक."

इथेच सगळं मर्म आहे. अंडाशयाचा कॅन्सर आवरणाच्या आत, एका अंडाशयापुरता असेल आणि पोटाच्या धुण्यात पेशी नसतील, तर फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत तो टप्पा १-ए. तीच गाठ ऑपरेशनमध्ये फुटून द्रव पोटात सांडला, की तो १-सी-१. कॅन्सर तेवढाच, शरीर तेच, पण टप्पा आमच्या हातानं पुढे सरकलेला आणि केमोथेरपीचा विचार बदललेला. म्हणूनच अंडाशयापुरत्या मर्यादित दिसणाऱ्या संशयास्पद गाठीत सुई घालून तुकडाही काढत नाहीत. बाकी बऱ्याच अवयवांत आधी बायोप्सी आणि मग ऑपरेशन, असा क्रम असतो. इथे बायोप्सीच धोक्याची, त्यामुळे ऑपरेशनपूर्वी आधार राहतो तो चित्रांचाच.

दुसऱ्या दिवशी बाई आणि त्यांचे पती आले. मॅडमही शेजारी बसल्या होत्या. बाईंनी थेट विचारलं, "डॉक्टर, कॅन्सर आहे का?" मी पडद्यावर दोन्ही सिस्ट दाखवल्या आणि म्हणालो, "ताई, खात्री पॅथॉलॉजीच देईल. पण अशी चित्रं असलेल्या शंभर बायकांपैकी नव्वदेक जणींना तो निघतो, म्हणून आपण तो आहे असं धरूनच ऑपरेशन करायचं. आणि तो सिस्टच्या बाहेर गेल्याचं मला कुठे दिसत नाही." त्या बराच वेळ त्या काळ्या सिस्टमधल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहत राहिल्या. "एवढंसंच आहे," त्या म्हणाल्या. मी "हो" म्हणालो.

दुर्बिणीची तारीख रद्द झाली. प्रकरण स्त्रीकर्करोग शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांकडे गेलं. छाती आणि पोटाचा सीटी झाला, तो स्वच्छ आला. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेतला, त्यातही काही नव्हतं. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून पायांचं डॉप्लरही ऑपरेशनपूर्वीच करून घेतलं.

ऑपरेशन उभ्या छेदानं झालं. आधी पोटाच्या धुण्याचा नमुना, मग गाठीला हात. सर्जननी चिकटलेली जागा सोडवत न बसता, तिथलं ओटीपोटाचं अस्तर गाठीसकट एकसंध काढलं. सिस्ट न फुटता बाहेर आली. फ्रोझन सेक्शनचं, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच केलेल्या पॅथॉलॉजी तपासणीचं, उत्तर टेबलवरच आलं: घातक, बहुधा क्लिअर सेल. मग गर्भाशय, उजवं अंडाशय, ओमेंटम (पोटातला चरबीचा पडदा), ओटीपोटाच्या अस्तराचे आणि लिम्फ गाठींचे नमुने असं सगळं रीतसर झालं. बाईंना मुलं झालेली होती आणि संमती आधीच दिलेली होती. तरुण, मूल हवं असलेली पेशंट असती तर एकाच बाजूचं अंडाशय काढून थांबायची चर्चाही करता आली असती, आणि तीसुद्धा आधी निदानाचा अंदाज असेल तरच शांतपणे करता येते.

एका ठिकाणी माझा अंदाज चुकला. सिग्मॉइडच्या स्नायूच्या थरात एंडोमेट्रिओसिस शिरला असावा, असं मी लिहिलं होतं. त्यामुळे आतड्याचे सर्जन त्या दिवशी थांबवून ठेवले होते. प्रत्यक्षात फक्त चिकटणं होतं, आतडं कापावं लागलं नाही. चिकटल्यामुळे आतड्याची भिंत ओढली जाते तेव्हा ती जाड दिसते, आणि मी त्या जाडीला आजार समजलो. पॅथॉलॉजीच्या बैठकीत ती चित्रं पुन्हा काढून पाहिली तेव्हा एका आडव्या छेदात स्नायूचा थर सलग दिसत होता. तो मी आधीच पाहायला हवा होता.

पॅथॉलॉजिस्टनी सिस्ट उघडली तेव्हा मी तिथे होतो. आत चॉकलेटी द्रव, नेहमीपेक्षा पातळ. मागच्या भिंतीवर पिवळसर, भुसभुशीत उंचवटा, १५ मिलीमीटर. त्याच्या खाली वळणावर दोन छोटे. बाजूच्या भिंतीत एंडोमेट्रिओसिस. आवरण शाबूत, चिकटलेल्या अस्तरात कॅन्सरच्या पेशी नाहीत, धुण्याचा नमुना निगेटिव्ह. क्लिअर सेल कॅन्सर, टप्पा १-ए.

टप्पा १-ए च्या क्लिअर सेलमध्ये केमोथेरपी द्यावी की नुसती देखरेख ठेवावी, यावर तज्ज्ञांत मतं वेगळी आहेत. ट्युमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, दोन्ही बाजूंनी बोलणं झालं, बाईंशीही झालं, आणि देखरेख ठरली. सिस्ट फुटली असती तर हा पर्याय त्यांच्यासमोर इतक्या मोकळेपणानं ठेवता आला नसता.

हे वाचून कुणी निरोगी बाईनं दरवर्षी एमआरआय करून घ्यावा, असं मात्र मुळीच सुचवत नाही. सीए-१२५ आणि सोनोग्राफीनं सरसकट चाळणी केल्यानं मृत्यू कमी होत नाहीत, हे २ लाखांहून अधिक स्त्रियांवरच्या ब्रिटिश अभ्यासानं २०२१ मध्ये दाखवलं. एमआरआयची जागा सोनोग्राफीनंतरची आहे, तिथे उत्तर अडलं तर. तो पोटभर पसरलेले बारीक कण हमखास पकडत नाही, आणि वजाबाकी, आलेख यांच्याशिवाय केलेला असेल तर चॉकलेट सिस्टमध्ये त्याचा फारसा उपयोगही नाही. मागणीपत्रावर "कॉन्ट्रास्टसह, सबट्रॅक्शन हवं" एवढं लिहायला एक ओळ पुरते.

बाईंच्या ऑपरेशनला आता दोन वर्षं होत आली. दर वेळी तपासणीला आल्या की मागच्या आणि आताच्या चित्रांची तुलना त्यांना पडद्यावर पाहायची असते, आणि मी ती दाखवतो. गेल्या वेळी त्यांनी विचारलं की ती पहिली काळी सिस्ट अजून संगणकात आहे का. होती. आम्ही दोघांनी ती पुन्हा एकदा पाहिली, तीन पांढरे ठिपके मोजले, आणि मग मी त्या दिवशीचं नवं चित्र उघडलं, ज्यात त्या जागी फक्त आतडी होती.